रसिकाचे कान, पारख्याचे कान

हेडफोन घ्यायला निघालेल्या माणसापुढे दुकानदार, मित्र आणि जाहिराती मिळून एकच प्रश्न ठेवतात: तुम्हाला गाणं ऐकायचंय की गाणं तपासायचंय? या प्रश्नामागे एक पक्की समजूत आहे. काही हेडफोन म्हणे रसिकांसाठी असतात. त्यांचा आवाज ऊबदार, गोलसर, भरलेला, डोळे मिटून तासभर ऐकत राहावा असा. काही पारख्यांसाठी असतात. त्यांत गायकाचा श्वास, सतारीच्या पडद्यावर घासलेलं बोट, मागे कुठेतरी सरकलेली खुर्ची, सगळं ऐकू येतं, पण ऐकताना सुख लाभेलच असं नाही. पहिल्या प्रकाराला बाजारात ‘म्युझिकल’ म्हणतात, दुसऱ्याला ‘अ‍ॅनालिटिकल’. ही वाटणी इतकी रुळली आहे की तिच्यावर कुणी शंका घेत नाही. या प्रकरणात मला ती घ्यायची आहे. माझं म्हणणं असं की पारख ही ऐकणाऱ्याने करायची गोष्ट आहे, ती खोक्यात घालून विकता येत नाही. रस घेण्यासाठी आणि पारख करण्यासाठी हेडफोनकडून जे लागतं ते जवळजवळ एकच आहे: खालच्या, मधल्या आणि वरच्या स्वरांचा समतोल. ज्याला तो राखता येत नाही तो हेडफोन ना धड रसिकाच्या कामाचा, ना पारख्याच्या. निवड करताना भेद करायचाच असेल तर तो जागेचा, वेळेचा आणि हेडफोन डोक्यावर कसा बसतो याचा करावा.

ही वाटणी आली कुठून, हे आधी पाहिलं पाहिजे. हेडफोन जन्माला आला तो कामासाठी. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन यांनी बनवलेले हेडफोन तिथल्या नौदलाने बिनतारी संदेश ऐकण्यासाठी घेतले. जर्मनीत बायर यांच्या कंपनीने १९३७ मध्ये काढलेला ‘डीटी ४८’ पुढे अनेक दशकं ध्वनिमुद्रण आणि मोजमापाच्या कामात राबला. केवळ संगीताच्या सुखासाठी हेडफोन ही कल्पना घरोघर गेली ती १९५८ नंतर, मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी स्टीरिओ तबकड्या ऐकण्यासाठी हेडफोन बाजारात आणल्यावर. १९६८ मध्ये सेनहायझरने ‘एचडी ४१४’ हा उघड्या पाठीचा हलका हेडफोन आणला आणि १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनने हेडफोन रस्त्यावर नेला. म्हणजे कामाचा हेडफोन आणि करमणुकीचा हेडफोन हे दोन प्रवाह खरोखरच वेगवेगळ्या दिशांनी आले आहेत. पण उगम वेगळा म्हणून गुणही वेगळे असले पाहिजेत, असं त्यातून निघत नाही. सोनाराचा काटा आणि वाण्याचा काटा वेगवेगळ्या दुकानांत असतात. खरं वजन दाखवणं ही अट दोघांनाही सारखीच लागू असते.

समतोल म्हणजे काय हे शब्दांत सांगण्यापेक्षा एक उदाहरण जवळून ऐकू. ख्यालाच्या एखाद्या ध्वनिमुद्रणाचं पहिलं अर्धं मिनिट घ्या. गायक अजून बोललेला नाही, फक्त तानपुरा चालू आहे. गायकाचा सूर काळी एक असेल तर जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर लावलेली असते. पण कानावर पडतं ते याहून कितीतरी जास्त. तार घोडीच्या रुंद पाठीवर टेकलेली असते, तिच्याखाली दोरा सरकवून जवारी लावलेली असते, आणि तार छेडल्याबरोबर त्या एका स्वरातून वरचे उपस्वर एकामागून एक उमलत जातात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना नेमकं हेच टिपलं होतं: तारेच्या ज्या बिंदूवर छेडल्यावर काही उपस्वर नियमाप्रमाणे उमटायला नकोत, तिथे छेडूनही तानपुऱ्यात ते स्पष्ट बोलतात. असा हा नाद खर्जापासून वर कित्येक हजार हर्ट्झपर्यंत पसरलेला असतो आणि त्याची गोडी सगळ्या थरांच्या आपसातल्या प्रमाणात असते. समतोल हेडफोनवर तार, भोपळा आणि जवारी वेगळी काढता येत नाहीत. नाद वर चढत जातो आणि तो विरायच्या आत पुढची तार त्यात मिसळते. वरचे स्वर चढवलेल्या हेडफोनवर बोटाचा स्पर्श आणि जवारीची झिणझिण पुढ्यात येते, भोपळा मात्र कुठे गेला ते कळत नाही. खालचे स्वर फुगवलेल्या हेडफोनवर खर्जाची तार बाकीच्या तिघींवर पांघरूण घालते.

यातला वरचे स्वर चढवलेला हेडफोन सहसा ‘चिकित्सक’ म्हणून विकला जातो, आणि पहिल्या दोन मिनिटांत तो तसा वाटतोही. साधारण ६,००० ते १०,००० हर्ट्झच्या पट्ट्यात काही डेसिबलची भर घातली की ‘स’ आणि ‘श’ची धार, तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’, झांजेची किनार, गायकाने घेतलेला श्वास, सगळं जवळ येतं. आजवर न ऐकलेलं काहीतरी ऐकलं, असा भास होतो. पण ध्वनिमुद्रणात जेवढं होतं तेवढंच आहे, फक्त त्याचं प्रमाण बदललं. छायाचित्राच्या कडा कॉम्प्युटरवर गडद केल्या की चेहरा जास्त रेखीव दिसतो, पण त्वचेचा पोत खरा कसा आहे हे सांगण्याची त्या चित्राची लायकी कमी झालेली असते. पारख्याला हवी असते ती ही लायकी. गायकाचा ‘स’ मुळातच टोचतो आहे का, की माइक फार जवळ होता, हे त्याला ठरवायचं असतं. प्रत्येक ‘स’ टोचवणारा हेडफोन या प्रश्नाचं उत्तर देऊच शकत नाही. शिवाय असा उंचवटा लपतही नाही. जर्मन संशोधक ब्युकलाइन यांनी १९६२ मध्येच प्रयोगांनी दाखवलं होतं की ध्वनीच्या आलेखातला खड्डा कानाला जितका जाणवतो त्यापेक्षा तेवढाच उंचवटा कितीतरी जास्त जाणवतो. पहिल्या घासाला झणझणीत वाटलेलं तिखट ताट संपेपर्यंत बाकी चवी मारून टाकतं, तसंच इथे होतं.

दुसऱ्या बाजूची चूक अधिक लाडकी आहे, कारण ती गोड लागते. खालचे स्वर फुगवलेला हेडफोन ‘म्युझिकल’ ठरतो. पण कानाचा एक धर्म आहे: जोरदार खालचा स्वर आपल्या वरच्या स्वरांना जितका झाकतो, तितका वरचा स्वर खालच्याला झाकत नाही. डग्ग्याचा घुमारा मर्यादेबाहेर वाढला की तो गायकाच्या आवाजाचा खालचा अर्धा भाग गिळतो. मंद्र सप्तकातला आकार कापसात गुंडाळल्यासारखा येतो, आणि डग्ग्यावर मनगट दाबत सरकवून काढलेली मींड, जिच्यावर रसिक मान डोलावतो, ती नुसता ‘घुम्म’ होऊन बसते. याउलट खालचे स्वर अगदीच कमी असले तरी सूर हरवत नाही. उपस्वरांवरून मूळ स्वर ओळखण्याची कानाला सवय असते, म्हणून फोनच्या इवल्याशा स्पीकरवरही खर्ज कोणता ते कळतं. हरवतं ते त्याचं वजन. ‘आनंदाचा’ म्हणून विकलेला हेडफोन अशा रीतीने आनंदाच्याच जागा बुजवतो आणि ‘चिकित्सेचा’ म्हणून विकलेला चिकित्सेचाच आधार काढून घेतो. दोघांचा रोग एक आहे, फक्त तो वेगवेगळ्या टोकांना झालेला आहे.

मग समतोल ठरवायचा कुणी? कागदावर सरळ रेषा उमटली की झालं, असं वाटणं साहजिक आहे, पण हेडफोनच्या बाबतीत ते खरं नाही. समोरच्या स्पीकरचा आवाज कानाच्या पाळीवर आणि पोकळीत वळत पडद्यापर्यंत येतो, आणि सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची कर्णनलिका ३,००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपोआप बरेच वाढवते. मेंदू जन्मापासून हीच वाढ ‘नैसर्गिक’ समजतो. हेडफोन कानाला चिकटलेला असल्यामुळे हा प्रवास बदलतो, म्हणून ती वाढ बऱ्याच अंशी हेडफोननेच द्यावी लागते. पडद्यापाशी मोजलं तर चांगल्या हेडफोनचा आलेख सरळ येत नाही, तिथे ठळक टेकडी दिसते. ती किती असावी यावर बराच ऊहापोह झाला. म्युनिकच्या प्रसारण-तंत्र संस्थेतले गुंटर थाइले यांनी १९८६ मध्ये स्टुडिओच्या हेडफोनसाठी असं मानक मांडलं की चारी बाजूंनी सारखा आवाज येत असताना पडद्यापाशी जे मोजलं जातं ते हेडफोनने द्यावं. २०१२ पासून हारमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हे आणि इतर आलेख श्रोत्यांपुढे ठेवले, कोणता आलेख कोणता हे न सांगता. सर्वाधिक पसंती मिळाली ती चांगल्या खोलीत ठेवलेला चांगला स्पीकर कानाशी जसा पोचतो तशा आलेखाला. थाइलेंच्या मानकाहून त्यात खालचे स्वर काहीसे जास्त आणि वरचे काहीसे मवाळ होते. या प्रयोगांत वेगवेगळे हेडफोन श्रोत्यांच्या हातात दिले नव्हते. एकाच हेडफोनवर इक्वलायझरने निरनिराळे आलेख उभे केले होते, त्यामुळे नाव, किंमत, गादीचा मऊपणा यांचा प्रभाव उरला नाही.

इथे या प्रकरणाचा कळीचा पुरावा येतो. वाटणी खरी असेल तर पारखी कान आणि साधे कान वेगवेगळ्या गोष्टी पसंत करतील. ऑलिव्ह यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २६८ श्रोत्यांना न दिसणारे स्पीकर ऐकवले. त्यांत दोष ओळखण्याचं शिक्षण घेतलेले श्रोते होते, विद्यार्थी होते, दुकानातले विक्रेते होते, ध्वनिसामग्रीची परीक्षणं लिहिणारे होते. शिक्षित श्रोत्यांचे गुण अधिक सुसंगत आले. तोच स्पीकर पुन्हा ऐकवला तर त्यांचं मत फारसं हललं नाही आणि वाईटाला ते अधिक कडकपणे वाईट म्हणाले. पण पसंतीचा क्रम साधारण सगळ्यांचा एकच निघाला. शिकलेला कान आणि न शिकलेला कान एकाच आवाजाला चांगलं म्हणतात. शिकलेल्याला ते का चांगलं आहे हे सांगता येतं आणि तो कमी डगमगतो. पारखीला लागणारं साधन वेगळं नाही, कान वेगळा आहे.

मग बाजारात ही वाटणी टिकते कशी? एक कारण असं की आपण डोळ्यांनीही ऐकतो. फ्लॉइड टूल आणि ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर त्याच श्रोत्यांना एकदा पडद्याआडून आणि एकदा उघड दाखवून ऐकवले. समोर दिसताच गुण बदलले. दुसरं कारण किंमत. महाग ते चिकित्सक, स्वस्त ते करमणुकीचं, असं गृहीत धरलं जातं. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मापं आणि किमती समोरासमोर मांडल्या, तेव्हा स्वरांचा आलेख आणि किंमत यांत काही संबंध सापडला नाही. जास्त पैशांत टिकाऊपणा, आराम, बनावट, दुरुस्तीची सोय मिळू शकते आणि ती मोलाची असते. समतोल मात्र पैशाच्या प्रमाणात वाढत नाही, आणि जपून खर्च करणाऱ्या श्रोत्यासाठी ही आनंदाची बातमी आहे.

यावर ध्वनिमुद्रक मंडळींचा आक्षेप येईल आणि तो हलका नाही. स्टुडिओत खास साधनं वापरतातच ना? सोनीचा १९९१ चा ‘एमडीआर ७५०६’ जगभरच्या स्टुडिओंत दिसतो आणि त्याचे वरचे स्वर धारदार आहेत. यामाहाचा ‘एनएस १०’ हा पांढऱ्या पडद्याचा स्पीकर १९७८ मध्ये घरगुती वापरासाठी निघाला, घरांत फारसा रुजला नाही, पण मिक्सिंगच्या टेबलावर जाऊन बसला. त्याच्यात खालचे स्वर कमी आणि मधले पुढे आहेत, म्हणून आवाजाच्या पट्टीतली गर्दी त्यावर लगेच कळते. मग चिकित्सेला असमतोल लागतो असं झालं की नाही? पण ही साधनं कशी वापरली जातात ते पाहा. ‘७५०६’ बंद पाठीचा आहे, त्यातला आवाज बाहेर गळून माइकमध्ये शिरत नाही, तो दणकट आहे आणि त्यावर कट्कन आलेला दोष चटकन कळतो. ‘एनएस १०’ बहुधा मोठ्या, पूर्ण पट्टीच्या स्पीकरांच्या जोडीला असतो. दोन्ही भिंगासारखे वापरले जातात: क्षणभर डोळ्याला लावायचं, डाग दिसला की खाली ठेवायचं. भिंग लावून कुणी अख्खं चित्र पाहत नाही आणि चित्र चांगलं झालं की नाही हे भिंगातून ठरवतही नाही. उलट दिशेचा प्रवासही लक्षात घ्यावा. बीबीसीने सत्तरच्या दशकात बाह्यप्रसारणाच्या गाडीत निवेदकांचा आवाज तपासण्यासाठी ‘एलएस ३/५ए’ हा छोटा स्पीकर बनवला, आणि पुढे घरी गाणं ऐकणाऱ्यांनी त्याच्यावर जीव टाकला. १९९७ चा सेनहायझर ‘एचडी ६००’ हेडफोनच्या जगात तसाच आहे. तो मिक्स तपासणाऱ्याच्या टेबलावरही असतो आणि रात्री निवांत गाणं ऐकणाऱ्याच्या डोक्यावरही.

दुसरा आक्षेप आवडीनिवडीचा. माणसं सारखी नसतात, मग सगळ्यांना एकच आलेख कसा चालेल? चालत नाही, हे हारमनच्याच अभ्यासातून दिसलं. २०१९ मध्ये त्यांनी श्रोत्यांचे गट पाडले तेव्हा सुमारे ६४ टक्क्यांना त्यांचा मूळ आलेखच आवडला, १५ टक्क्यांना खालचे स्वर आणखी हवे होते आणि २१ टक्क्यांना कमी. आवडीनिवडी खऱ्या आहेत आणि त्यांचा मान राखला पाहिजे. पण त्या कुठे आहेत ते बघा. तिन्ही गट मुख्यतः खालच्या स्वरांच्या प्रमाणावर वेगळे झाले आणि ही तफावतही काही डेसिबलची होती. ‘रसिकांचा आलेख’ आणि ‘पारख्यांचा आलेख’ अशी फाळणी त्यात नाही. त्यामुळे शहाणपण असं की समतोल हेडफोन घ्यावा आणि आपल्या आवडीपुरते दोन-चार डेसिबल फोनमधल्या इक्वलायझरने वरखाली करावेत. मीठ ताटात वाढून घेता येतं. खारट झालेल्या भाजीतून ते काढता येत नाही. मुळातच ज्या हेडफोनच्या आलेखात उंचसखल टेकड्या आहेत, त्या सपाट करणं हौशी माणसाला सहसा जमत नाही.

तिसरा आक्षेप मनाशी निगडित आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो: पारख करायला बसलं की रस जातो, म्हणून आनंदासाठी दोष झाकणारं साधनच बरं. दोष शोधत बसणं थकवतं यात संशय नाही. एमपी-थ्री पद्धत घडवताना कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी सुझॅन व्हेगा यांचं वाद्यांशिवाय गायलेलं ‘टॉम्स डायनर’ पुन्हा पुन्हा ऐकलं, कारण एकट्या उघड्या आवाजात पद्धतीचे दोष लपत नव्हते. ते काम होतं, मैफल नव्हती. पण थकवणारी गोष्ट त्यांची हेतुपूर्वक शोधाशोध होती. आपल्या परंपरेत ‘कानसेन’ हा शब्द आदराने वापरतात तो का, याचा विचार करावा. कानसेन म्हणजे ज्याला स्वराचा कण ऐकू येतो, सम कुठे लपवली ते कळतं, आणि ते कळल्याच्याच क्षणी ज्याच्या तोंडून दाद जाते. त्याची पारख आणि त्याचा आनंद एकाच क्षणी घडतात, एकीमुळे दुसरा वाढतो. अशा श्रोत्याला कण दाखवणारा हेडफोन रसभंग करत नाही, रसाची सोय करतो. आज दोष शोधायचे की गाण्यात बुडायचं हे त्याच्या लक्षावर अवलंबून आहे, आणि लक्ष वळवायला नवा हेडफोन लागत नाही.

जुन्या ध्वनिमुद्रणांचं काय, हा प्रश्न मराठी श्रोत्याला विशेष जवळचा आहे. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या आजही ऐकल्या जातात, आणि त्यांत आवाजाबरोबर सुईची खरखरही येते. स्पष्ट दाखवणारा हेडफोन ही खरखर वाढवेल अशी भीती असते. ती वाढवतो तो वरचे स्वर चढवलेला हेडफोन, कारण तबकडीवरचा गायकाचा आवाज मुख्यतः मधल्या पट्टीत असतो आणि खरखरीचा मोठा वाटा त्याच्या वर. उंचवटा नेमका खरखरीवर पडतो. समतोल हेडफोनवर खरखर असते, पण एका जागी, एकसारखी, पावसाच्या आवाजासारखी. अशा सततच्या आवाजाकडे मन थोड्याच वेळात दुर्लक्ष करायला शिकतं आणि मग सूर एकटा समोर उरतो. फुगवलेला बेस इथे कामाचा नाही, कारण त्या तबकड्यांवर खालचे स्वर मुळातच फार थोडे उतरले आहेत. त्याने वाढते ती यंत्राची घरघर.

वाटणी फेकून दिल्यावर निवडीचे खरे प्रश्न उघडे होतात आणि ते रोखठोक असतात. पहिला, ऐकणार कुठे? शांत खोलीत उघड्या पाठीचा हेडफोन मोकळा वाटतो, पण शेजारी बसलेल्यालाही गाणं ऐकू जातं. लोकल गाडीत तो निरुपयोगी, तिथे बंद पाठ किंवा कानात घट्ट बसणारे इअरफोन हवेत. गोंगाट कमी करणारी इलेक्ट्रॉनिक सोय सलग घरघरीवर चांगली चालते, माणसांच्या बोलण्यावर तितकीशी नाही. दुसरा प्रश्न, बसतो कसा? बंद हेडफोनची गादी कानाभोवती पूर्ण टेकली नाही, चष्म्याच्या काडीने किंवा दाट केसांनी बारीक फट राहिली, तरी खालचे स्वर गळून जातात, आणि ‘चिकित्सक, कोरडा’ म्हणून नावं ठेवलेला हेडफोन खरं तर नीट बसलेलाच नसतो. गादी वर्षा-दोन वर्षांत दबली की आवाज बदलतो, म्हणून बदली गादी मिळते का हे आधीच विचारावं. तिसरा, चालवणार कशावर? ‘एचडी ६००’ ३०० ओहमचा आहे. साध्या फोनवर तो हळू वाजतो. आणि हळू वाजणारा हेडफोन तुलनेत नेहमी हरतो. बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की आवाज हळू केला की खालचे स्वर आपल्याला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. दुकानात दोन हेडफोन एकाच बटणावर लावून निवडणं म्हणजे बहुतेक वेळा जो मोठा वाजतो तो निवडणं. आधी दोघांचा जोर कानाने सारखा करून घ्यावा, मग मत बनवावं.

तपासायला तीन ओळखीची ध्वनिमुद्रणं पुरतात: तानपुरा आणि डग्गा असलेला एक विलंबित ख्याल, जवळून घेतलेला एक एकटा बोलता आवाज, आणि बरीच वाद्यं असलेलं एक गाणं. बोलता आवाज सर्वांत कठोर परीक्षक आहे, कारण माणसाचा आवाज कसा असतो हे सगळ्यांनाच माहीत असतं. तो खोक्यातून किंवा नाकातून आल्यासारखा वाटला तर पुढे जाण्याची गरज नाही. आणि शक्य असेल तिथे दोन मिनिटांवर थांबू नये, तासभर ऐकावं. पहिल्या मिनिटाला चकित करणारा उंचवटा चाळिसाव्या मिनिटाला कपाळावर आठी आणतो. त्या तासात हात किती वेळा आवाज वाढवायला गेला तेही पाहावं. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी मर्यादा सांगितली आहे. ९० डेसिबलवर तेवढाच भार ४ तासांत भरतो. ज्या हेडफोनवर हळू आवाजातही मंद्र सप्तक नीट पोचतं, तो हात बटणाकडे जाऊ देत नाही आणि कान जपतो. गेलेले कान ना रसिकाला परत मिळतात, ना पारख्याला.

मिरजेत तानपुरे करणारे कारागीर जवारी लावताना घोडीची पाठ कानशीने अगदी किंचित घासतात, तार छेडतात, दोरा केसभर पुढेमागे करतात आणि पुन्हा छेडतात. त्या घटकेला ते गाणं ऐकत नसतात, फक्त पारख करत असतात: कुठला उपस्वर अडकला, कुठला जास्त बोलतोय. नाद एकसंध फुलला की त्यांचं काम संपतं. संध्याकाळी त्याच तानपुऱ्यावर कुणी यमन मांडतो आणि श्रोता स्वरात बुडून जातो. दोघांसमोर वाद्य एकच असतं, लागलेली जवारीही एकच असते. जी जवारी कारागिराच्या कानाला उतरली तीच श्रोत्याला सुख देते. हेडफोन निवडताना तेवढंच बघावं की त्याची जवारी नीट लागलेली आहे. मग सकाळी त्यावर दोष शोधा, रात्री त्यावर यमन ऐका.